निफाडच्या शेततळ्यातली कोळंबी आणि बारा नापास नमुने

आमच्या आप्पांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी, निफाडजवळच्या शेततळ्यात पहिल्यांदा जंबो कोळंबी सोडली, त्या वर्षी डिसेंबर लागायच्या आत तळं रिकामं केलं. निफाडची थंडी द्राक्षवाल्यांना सांगायला नको, पहाटे बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. कोळंबीचे हाल त्याच्या कितीतरी आधी सुरू होतात. तिला २६ ते ३१ अंशांचं पाणी मानवतं, १४ अंशांच्या खाली ती जगत नाही. म्हणून पावसाळ्याच्या तोंडाला आंध्रातून ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांत पिल्लं आणायची आणि नोव्हेंबरात माल काढायचा.

त्या दिवशी बांधावर दोन ढीग पडले. एकात साठ-सत्तर ग्रॅमच्या, हातभर निळ्या नांग्या पसरलेल्या कोळंब्या. दुसऱ्यात बोटाएवढं बारकं. व्यापाऱ्याने पहिल्या ढिगाला ठरलेला भाव दिला आणि दुसऱ्याकडे बघून मान हलवली. आप्पा मला म्हणाले, "बी एकाच पिशवीतलं, खाद्य एकच, पाणी एकच. मग हे असं का गं होतं? तू प्राणिशास्त्र शिकवतेस ना?"

अर्धं उत्तर मला माहीत होतं. या जातीत नरांचे तीन प्रकार पडतात: बारके नर, केशरी नांगीचे आणि निळ्या नांगीचे. निळ्या नांगीचा नर तळ्यातला दादा. तो आजूबाजूला असेपर्यंत बारके वाढत नाहीत. केशरी नांगीचे मात्र भराभर वाढतात आणि शेवटी कात टाकून निळे होतात, तेही जवळच्या सगळ्यांत मोठ्या निळ्याला मागे टाकतील एवढे झाल्यावरच. एकदा निळा झाला की नराची वाढ जवळपास थांबते. म्हणून निळे आधी वेचून काढले तर मागे राहिलेले बारके जोमाने वाढतात. हे मी आप्पांना सांगितलं आणि पुढच्या हंगामापासून त्यांनी एकदम तळं उपसायच्या ऐवजी ऑक्टोबरपासून दोनदा जाळं फिरवून निळे काढायला सुरुवात केली.

पण त्यांचा पुढचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. "त्या बारक्याला कळतं कसं, की थांबायचंय? त्याच्या अंगात नेमकं काय होतं?" माझ्या पीएचडीचा विषय तिथे ठरला. सरांनी त्यावर शास्त्रीय मथळा चढवला, प्रश्न आप्पांचाच राहिला.

अंगात काय होतं हे बघायचं तर कुठली जनुकं कामाला लागली आहेत ते बघावं लागतं. कोळंबीच्या प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात, पण एका वेळी त्यांतली थोडीच चालू असतात. चालू जनुकाची नक्कल आरएनएच्या रूपात निघते. एखाद्या अवयवातला सगळा आरएनए गोळा करून वाचला, की तिथे त्या घटकेला काय काय चालू होतं ते कळतं. पूर्वी असं एकेक जनुक वर्षभर खपून शोधावं लागे. आताची यंत्रं कोट्यवधी तुकडे एकदम वाचतात, त्यामुळे आमच्यासारख्या कॉलेजातल्या माणसालाही हे जमण्यासारखं झालंय.

या प्राण्यांतल्या एका जनुकाची गोष्ट मला या कामात सतत धीर देत आली. १९५४ साली एलेन शार्निओ-कोत्तों या फ्रेंच संशोधिकेने कवचधारी प्राण्यांच्या नरात एक चिमुकली ग्रंथी शोधली. नराला नर करणारी ग्रंथी तीच. कोळंबीच्या कुळात तिच्यातलं संप्रेरक कुठल्या जनुकातून येतं, हे कळायला मात्र पन्नासहून जास्त वर्षं लागली. इस्राएलच्या बेन-गुरियन विद्यापीठातल्या अमीर सागी यांच्या गटाने ते २००७ साली एका क्रेफिशमध्ये, म्हणजे गोड्या पाण्यातल्या शेवंडासारख्या प्राण्यात, आणि २००९ साली आपल्या जंबो कोळंबीत दाखवलं. रचनेने ते इन्सुलिनच्या घराण्यातलं निघालं. त्याला आयएजी म्हणतात. पुढे त्यांनी लहान वयाच्या नरात हे जनुक दाबून धरलं, तेव्हा त्या नराची चक्क मादी झाली, अंडी देणारी. अशा मादीची नराशी जोडी लावली की सगळी पिल्लं नर निपजतात. नर जास्त वाढतो, म्हणून शेतकऱ्याला हे मोलाचं. पिल्लांना संप्रेरक पाजायला नको, परकं जनुक घालायला नको. एका ग्रंथीचा नीट अभ्यास झाला म्हणून हे घडलं, आणि ती ग्रंथी डोळ्याला धड दिसतही नाही.

मला ती काढायची होती.

नोव्हेंबरातल्या एका पहाटे आम्ही तळ्यावर पोचलो. नमुने गोठवायला द्रवरूप नायट्रोजन लागतो, उणे १९६ अंशांचा, आणि नाशिक जिल्ह्यात तो मिळवायचा मार्ग मला आप्पांनीच दाखवला. गायी-म्हशींना कृत्रिम रेतन करणाऱ्या डॉक्टरांकडे त्याची टाकी असतेच. गावच्या डॉक्टरांनी टाकी मोटारसायकलवर बांधून बांधावर आणून दिली आणि काम संपेपर्यंत उकिडवे बसून बघत राहिले.

कोळंबी आधी बर्फाच्या पाण्यात निपचित करायची. मग चालायच्या पायांची पाचवी जोडी धरून तिच्या मुळाशी कवच उघडायचं. तिथे शुक्रवाहिनीच्या टोकाला चिकटलेला पारदर्शक दोऱ्यासारखा भाग, ती ग्रंथी. निळ्या नराची एक वेळ सापडते, बारक्याची भिंगाखालीही हातातून निसटते. म्हणून दहा-बारा बारक्यांच्या ग्रंथी मिळून एक नमुना केला, निळ्यांचा दुसरा. त्याशिवाय डोळ्यांचे दांडे घेतले, तीन निळ्यांचे आणि तीन बारक्यांचे, कारण वाढीला आणि कात टाकण्याला लगाम घालणारी संप्रेरकं त्या दांड्यातून येतात. आणि कोळंबी साफ करताना डोक्यातून जो पिवळसर-केशरी लगदा निघतो, ते तिचं यकृत आणि स्वादुपिंड एकत्र, त्याचे चार. सगळे मिळून बारा नमुने.

बारक्या कोळंब्या पकडायला आप्पांचा नातू मदतीला होता. कात टाकलेल्या कोळंबीला बाकीच्या खाऊन टाकतात, म्हणून लपायला तळ्याच्या तळाशी पीव्हीसी पाइपचे तुकडे टाकलेले असतात. त्याने एकेक पाइप उचलून बादलीत रिकामा केला आणि मी त्यातल्या बारक्या घेतल्या. पाच मिनिटांत काम झालं. मला तेव्हा ते सोयीचं वाटलं.

कॉलेजात येऊन आठवडाभर आरएनए वेगळा केला. आरएनए फार नाजूक. तो तोडणारी विकरं आपल्या बोटांवर, टेबलावर, सगळीकडे असतात. हातमोजे दर पाच मिनिटांनी बदलायचे, बोलायचंसुद्धा नाही. मग नमुने कोरड्या बर्फात बांधून दुसऱ्या शहरातल्या एका खाजगी प्रयोगशाळेला पाठवले.

चौथ्या दिवशी निरोप आला: बाराही नमुने नापास. आरएनए तुटलेला आहे, नवे नमुने पाठवा.

तळं तोवर रिकामं झालं होतं. नवे नमुने म्हणजे पुढचा नोव्हेंबर. मी अहवाल उघडून सुन्न बसले. आरएनए धड आहे की नाही हे ठरवायला १ ते १० असे गुण देतात आणि सातच्या खालचे नमुने बहुतेक प्रयोगशाळा घेत नाहीत. गुण देताना यंत्र मुख्यतः दोन उंच शिखरं शोधतं: १८एस आणि २८एस नावाचे दोन मोठे आरएनए, जे प्रत्येक पेशीत मुबलक असतात. दोन्ही शिखरं ठळक असली तर नमुना चांगला. आमच्या आलेखांत एकच शिखर होतं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी ते आलेख छापून भिंतीवर लावले आणि शेजारी शेजारी ठेवून बघितले. लगद्याच्या चार नमुन्यांत डावीकडे पसरट टेकाड होतं, शिखर नव्हतंच. ते खरोखर सडले होते. त्या अवयवात पचनाची विकरं ठासून भरलेली, मी तो सगळ्यात शेवटी गोठवला, चूक माझी. पण उरलेल्या आठांत टेकाड कुठेच नव्हतं. एकच शिखर, पण सुईसारखं टोकदार. आरएनए तुटला तर त्याचे लहानमोठे हजार तुकडे होतात आणि आलेख पसरतो. सगळे तुकडे एकाच मापाचे कसे निघतील?

मी सरांना रात्री दहाला फोन केला. ते म्हणाले, "अगं, हिचा २८एस मुळातच मधोमध कापलेला असतो. कीटकांतही असंच आहे. जा, वाच."

पहाटेपर्यंत वाचलं. कीटक, कोळंबी, खेकडे अशा पुष्कळ संधिपाद प्राण्यांत २८एसच्या साखळीत एक छुपी चीर असते. जिवंत पेशीत दोन्ही अर्धे एकमेकांना धरून असतात आणि काम बिनबोभाट चालतं. तपासणीआधी मात्र नमुना ७० अंशांवर तापवतात. त्या उष्णतेने धरबंध सुटतात, दोन अर्धे वेगळे होतात, आणि दोघांचंही माप १८एसच्या जवळपास असल्याने तिघं मिळून एकाच शिखरात उभे राहतात. गुण देण्याची ही पद्धत सस्तन प्राण्यांच्या आरएनएवरून बसवलेली आहे. तिच्या लेखी चांगली कोळंबी आणि सडका उंदीर यांत फरक नाही.

वाचून माझं समाधान होईना, डोळ्यांनी बघायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नाशिकच्या भद्रकालीतून बोकडाची कलेजी आणली आणि तिचाही आरएनए काढला. साध्या अगारोज जेलमध्ये, म्हणजे आरएनए मापाप्रमाणे वेगवेगळ्या पट्ट्यांत पांगवणाऱ्या थरात, चार रकाने भरले: कलेजी न तापवलेली, कलेजी तापवलेली, कोळंबी न तापवलेली, कोळंबी तापवलेली. पाऊण तासाने दिव्याखाली धरलं. कलेजीच्या दोन्ही रकान्यांत दोन-दोन पट्टे. न तापवलेल्या कोळंबीत दोन पट्टे. तापवलेल्या कोळंबीत एक. वरचा पट्टा नाहीसा, खालचा दुप्पट जाड. मी प्रयोगशाळेच्या मावशींनासुद्धा बोलावून ते दाखवलं.

तो फोटो पाठवल्यावर प्रयोगशाळेने आठ नमुने घ्यायचं कबूल केलं, पण निकालाची जबाबदारी आमची असं लिहून घेतलं. मला त्याचं वाईट वाटलं. रोज शेकडो नमुने हाताळणाऱ्यांनी ग्राहकाने कुठला प्राणी पाठवलाय हे विचारायला हवं होतं. मी तशी कमी गुणांची यादी मुकाट्याने स्वीकारली असती, तर आठ चांगले नमुने कचऱ्यात गेले असते. इतर किती जणांचे गेले असतील, हा विचार अजूनही मनात येतो.

दीड महिन्याने माहिती आली. प्रत्येक नमुन्यातले कोट्यवधी तुकडे, प्रत्येक तुकडा दोन्ही टोकांकडून १५०-१५० अक्षरं वाचलेला, म्हणजे वाचनांची एक जोडी. हे तुकडे जुळवून मूळ आरएनए उभा करायचा. त्यासाठी २०११ साली आलेला ट्रिनिटी नावाचा प्रोग्रॅम वापरतात. त्याला दर दहा लाख जोड्यांमागे साधारण एक जीबी मेमरी लागते आणि आमच्या विभागातल्या सर्वात चांगल्या संगणकात आठ जीबी होती. शेवटी गॅलेक्सी या सर्वांना खुल्या असलेल्या सर्व्हरवर काम रांगेत लावलं. रोज उठल्यावर आधी ते बघायचं आणि मग चहा.

जुळवणी झाली तेव्हा हाताशी जनुकांपेक्षा कितीतरी पट जास्त साखळ्या आल्या. एकाच जनुकाची निरनिराळी रूपं, अर्धवट तुकडे, पाण्यातल्या जंतूंचेही आरएनए. गाळून, जवळपास सारख्या साखळ्या एकत्र करून पुढचा प्रश्न: ही साखळी कोणाची?

हे शोधणं कसं असतं ते सांगायला मला नाशिकचाच दाखला सुचतो. आमच्याकडे आणि त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यांकडे नामावळ्या असतात. तुम्ही गाव आणि आडनाव सांगितलं, की ते पोथीसारखी वही काढून तुमच्या पणजोबांची सही दाखवतात. जनुकांचंही तसंच. अनोळखी साखळी जगभरच्या नोंदींशी ताडून बघायची आणि तिचं घराणं ओळखायचं. पण तुमच्या गावचं कोणी तीर्थाला कधी आलंच नसेल तर वहीत काय मिळणार? जनुकांच्या वहीत माणूस, उंदीर, फळमाशी यांची पानंच्या पानं भरलेली. कवचधाऱ्यांची पानं आत्ता आत्ता उघडली. त्यांतला पहिला जनुकसंच २०११ साली पाणपिसू डॅफ्नियाचा आला, तिच्या तीस हजारांवर जनुकांपैकी एक तृतीयांशाहून जास्त जनुकांना इतर कुठल्याही प्राण्यात जोड सापडली नव्हती. व्हेनामी कोळंबीचा आला तो २०१९ साली. माझ्याही निम्म्याहून जास्त साखळ्यांसमोर 'जुळणी नाही' असंच आलं. ज्यांना नाव मिळालं, त्यांतल्या पुष्कळांना फळमाशीच्या जनुकाचं उसनं नाव. नातं खरं असतं हे मात्र आप्पा माझ्याआधी शिकले होते. द्राक्षबागेत कीटकनाशक फवारून पंप तळ्याच्या काठाला धुतला होता, त्या रात्री एका कोपऱ्यातली कोळंबी उलटी पडली. किडीला मारणारं औषध कोळंबीलाही मारतं.

सगळ्यात आधी मी आयएजी शोधलं. त्याची नोंद वहीत होतीच. नमुने खरोखर चांगले असतील तर ते ग्रंथीच्या नमुन्यांत भरभरून दिसायला हवं आणि डोळ्याच्या दांड्यात जवळजवळ नाही. आकडे आले. ग्रंथीत हजारोंनी, दांड्यांत शून्याच्या आसपास. मग साखळीचं प्रथिनात रूपांतर करून अक्षरं एकेक करून वाचली. इन्सुलिनच्या घराण्याची खूण म्हणजे ठरावीक अंतरावर बसलेले सहा सिस्टीन, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतला एका जातीचा दुवा. पेन्सिलीने मोजले. सहाच्या सहा जागच्या जागी. नापास ठरलेल्या नमुन्यातून हे निघालं होतं. मी आईला फोन केला, तिला काय सांगायचं ते मला धड सांगता आलं नाही.

आता खरा प्रश्न, निळ्या आणि बारक्या नरांच्या दांड्यांत फरक कोणता? तुलना केली आणि यादी पाहून हरखून गेले. शेकडो जनुकं बारक्यांत जोरात चालू. निळ्यांकडच्या यादीत एक ओळखीचं नाव होतं, क्रस्टासायनिन. कवचातलं केशरी रंगद्रव्य हे प्रथिन धरून ठेवतं तेव्हा रंग निळा दिसतो. कोळंबी शिजवली की प्रथिन मोडतं आणि केशरी उघडं पडतं, आपण कढईत रोज बघतो तेच. बारक्यांची यादी मात्र वरपासून खालपर्यंत कवचाच्या प्रथिनांची होती. मी त्यावर दहा पानं लिहिली, की बारका नर आपली शक्ती कवच जाड करण्यात घालतो.

दिवाळीला निफाडला गेले तेव्हा आप्पांना हे सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "बारके तू कुठून घेतलेस?"

"पाइपातून, आप्पा."

"अगं बाई, पाइपात बसतो तो नुकती कात टाकलेला. अंग मऊ असतं, म्हणून लपतो. नाहीतर बारकं सुद्धा दिवसभर काठाने फिरतं."

मी काही बोलले नाही. कात टाकलेली कोळंबी नवं कवच घडवत असते, तिच्यात कवचाची जनुकं चालू असणारच. निळा नर क्वचितच कात टाकतो. मी निळ्याशी बारक्याची तुलना केलीच नव्हती. जुन्या कवचाशी नव्या कवचाची केली होती. पकडायला सोपे म्हणून घेतलेले दहा-बारा जीव, आणि त्यावर वर्षभराचं काम. ती दहा पानं काढून टाकली.

पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा तळ्यावर गेले. या वेळी आप्पा स्वतः पाण्यात उतरले. काठाने फिरणारे बारके जाळ्याने घेतले, प्रत्येकाचं कवच अंगठ्याने दाबून पाहिलं, शेपटीच्या पाकळीची कड भिंगाखाली बघून कात टाकायला किती अवकाश आहे त्याची नोंद केली. निळे, केशरी, बारके, तिघेही कातीच्या एकाच टप्प्यातले जमवायला चार दिवस लागले. लगदा सर्वांत आधी गोठवला. पेटीवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवली, की हा कवचधारी प्राणी आहे, तपासणीआधी नमुना तापवू नये. या खेपेला सगळे नमुने घेतले गेले.

नव्या तुलनेत कवचाची प्रथिनं यादीतून जवळपास गेली. यादी लहान झाली, काही डझनांची. त्यांतल्या पाच साखळ्या मला झोपू देत नाहीत. बारक्यांच्या डोळ्याच्या दांड्यात त्या जोरात आहेत, केशरीत कमी, निळ्यात जवळजवळ बंद. त्यांच्या सुरुवातीच्या टोकाला पेशीबाहेर पाठवायच्या प्रथिनांची खूण आहे, म्हणजे संप्रेरक असू शकतं. पाचांपैकी तिघांना कुठल्याच वहीत नाव नाही. त्या खरोखर वाढ रोखतात का, हे जनुक दाबून बघितल्याशिवाय म्हणता येणार नाही. ते काम आता सुरू आहे.

गेल्या आठवड्यात दोन्ही वर्षांची सगळी माहिती सार्वजनिक संग्रहात भरली. तिथे प्रत्येक नमुन्यासाठी तक्ता भरावा लागतो: जात, लिंग, अवयव, तारीख, ठिकाण. ठिकाणाच्या रकान्यात भारत, नाशिक, निफाड असं लिहिलं. कातीच्या टप्प्यासाठी रकानाच नव्हता. तो मी वाढवला आणि पहिल्या वर्षीच्या बारक्यांच्या नमुन्यांपुढे 'नुकती कात टाकलेले, पाइपातून घेतलेले' अशी नोंद केली.